भागाक्का आणि सोळा घरं

सरक गं सुनंदा, अशी जवळ. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, माझ्या पुढ्यात बसलीयस असंच समज आणि ऐक. आधी तुला थोडं बोलून घेते. धाराशिवहून ढोकी काही परमुलूख नाही. एसटीत बसलं की नीट डुलकी लागायच्या आत येतं. तरी दिवाळीपासून तुझं तोंड दिसलं नाही, आणि परवा फोन केलास तेव्हाही आपलं रडगाणंच. म्हणे, आजी, आम्ही वस्तीत जातो, घरकुलं कशी वाटावीत, आधी कुणाला द्यावीत ते लोकांनाच विचारतो, तर लोक सरळ बोलतच नाहीत. एक म्हणतो तुम्हीच ठरवा, दुसरा घरातली माणसं लपवतो. अडाणी आहेत, म्हणालीस.

तो शब्द मला लागला बघ. कारण असंच एकदा आम्हाला विचारायला आले होते, आणि त्या अडाण्यांत मी होते, तुझी पणजी होती, तुझे आजोबाही होते. आमची पुढारी होती भागाक्का.

तेव्हा आम्ही जळकोटाच्या अलीकडं सडकेच्या कडेला राहायचो. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. सडक रुंद करायचं काम निघालं तेव्हा खडी फोडायला दहा गावची माणसं आली. काम लांबत गेलं तशी माणसंही तिथंच राहिली. तुराट्यांचे कूड, वर कडबा, दाराला पोत्याचा पडदा. तुझे आजोबा सडकेच्या गँगमध्ये होते. मी नवीन लग्न होऊन आलेली. घरात सासूबाई, दोन दीर आणि एक नणंद. आमच्या कुडाला कूड लावून भागाक्काची झोपडी.

अंगानं वाळलेली, उंच, कपाळ मोकळं. तुम्ही बोलायला लागलात की एक डोळा बारीक करायची, सोनार दागिना बघतो तसा. कुणी तिच्याशी गोड बोललं की ती हातातला हातोडा खाली ठेवायची आणि म्हणायची, "बोल, काय पाहिजे?" मी लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या पाया पडले तेव्हाही हेच म्हणाली. मी रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, अगं, तो तिचा आशीर्वादच आहे.

दुकानदारानं गुळाचा खडा वरून जास्त दिला तर ती तो परत त्याच्या तागडीत टाकायची. फुकट आलं त्याच्या मागं काहीतरी येणार, हे तिचं पक्कं. मडकं घ्यायचं तर एक वाजवून बघायची, मग कुंभारीण स्वतः कुठल्या मडक्यातलं पाणी पिते ते विचारायची, आणि तेही वाजवून बघायची. एसटीचं तिकीट दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्यायची. दोघं एकमेकांच्या ओळखीचे निघाले तर तिसरा शोधायची. कुठल्याही गोष्टीला व्हय नाही आणि न्हाय नाही. "बघू की," एवढंच.

हसू नकोस. हे तिच्या अंगात उगीच शिरलं नव्हतं. सासूबाईंनी मला एकदा सांगितलं. आक्काच्या नवऱ्याची इकडं कुठंतरी चार एकर जमीन होती. निजामाच्या शेवटच्या काळात लेव्हीची, सरकारी धान्यवसुलीची, माणसं गावात आली. लई अदबीनं बोलली म्हणे. घरात खाणारी तोंडं किती, जमिनीखालच्या पेवात जोंधळा किती. लोकांना वाटलं, दुष्काळाचं काही वाटणार असतील. आक्काचा नवरा मोकळ्या मनाचा माणूस, त्यानं होता तेवढा जोंधळा सांगितला, वर पाहुण्यांना पेवाचं तोंड दाखवायला गेला. आठ दिवसांनी गाड्या आल्या आणि पेव झाडून नेलं. नवरा त्या धक्क्यातून उठला नाही. तेव्हापासून कुणी काही विचारलं की आक्काला त्याच्या मागं गाड्या उभ्या दिसायच्या.

पण तिचा संशय आंधळा नव्हता, हे मी स्वतः बघितलंय. एकदा देवी टोचणारा आला. त्याला बघून बायका पोरं घेऊन ज्वारीत पळाल्या. आक्का मात्र वाटेत उभी राहिली. म्हणाली, आधी तुमचा दंड दाखवा. तो हसला, पण बाही वर केली. तिनं त्याच्या दंडावरचे वण बोटानं चाचपले, थुंकी लावून पुसले जातात का तेही बघितलं. मग म्हणाली, तुमची पोरं कुठंयत? त्यांना टोचलं का? तो म्हणाला, घरी आहेत, टोचलंय. त्याच्या आवाजात तिला काय सापडलं कोण जाणे, ती ज्वारीत शिरली आणि लपलेलं एकेक पोर दंडाला धरून बाहेर काढलं. एकही सुटलं नाही. बायका शिव्या देत होत्या, ही ऐकत नव्हती.

तर आमच्या वस्तीच्या मागं, ओढ्याच्या अंगाला, सरकारनं घरं बांधायला काढली. दगडी भिंती, वर पत्रा, एक खोली आणि पुढं ओटा. सोळा घरं. गरिबांसाठी, असं सगळे म्हणायचे, पण कुठल्या गरिबांसाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जोती वर आली आणि तुळजापूरहून, ब्लॉकच्या कचेरीतून, वैद्य साहेब आले. तरुण माणूस, सायकलच्या साखळीत पायजमा अडकू नये म्हणून पायाला पट्टी लावलेली. गँगच्या मुकादमानं खुर्ची आणली तर बसले नाहीत, आमच्यासारखे खाली पोत्यावर बसले. तिथंच बिघडलं. आक्का मला हळूच म्हणाली, "साहेब खाली बसतोय म्हंजी काम मोठं हाय."

साहेबांनी नीट समजावून सांगितलं. घरं थोडी, तुम्ही वीसेक कुटुंबं. कुणाला आधी द्यायचं ते कचेरीत बसून ठरवण्यापेक्षा तुम्हीच सांगा. लेकरंबाळं जास्त असतील त्याला? म्हाताऱ्यांना? आधी आलेल्याला? का चिठ्ठ्या टाकायच्या? जातीजातीनं वेगळ्या ओळी हव्यात का मिसळून? उद्या प्रत्येक दारात येईन, घरात माणसं किती तेही सांगा.

त्या संध्याकाळी आक्का कुडाकुडातून फिरली. तिनं सगळ्यांना एकच पढवलं. कसं वाटायचं विचारलं की म्हणायचं, सरकार करील तसं. माणसं किती विचारलं की कमी सांगायची. जास्त सांगितली की कराची पट्टी बसते, नाहीतर गडी माणसं फुकट कामावर नेतात. कुणी म्हणालं, आक्का, हे राज वेगळं हाय. ती म्हणाली, मोजणारा सारखाच असतोय.

दुसऱ्या दिवशी पोरं ओढ्यात, दीर शेळ्यांमागं, नणंद शेजारच्या गावात. आमच्या दारात साहेब आले तेव्हा मी पदर ओढून सांगितलं, आमी दोघं आन सासूबाई. शेजारच्या धोंडिबाला सहा लेकरं, तो म्हणाला, आमी दोघंच बघा. साहेबांच्या पायाजवळ तान्ह्या लेकराचं लंगोटं वाळत होतं, एवढंसं. साहेबांनी ते बघितलं, धोंडिबानंही बघितलं, आणि साहेबांनी वहीत दोन लिहिले.

पंधरवड्यानं मुकादमानं बातमी आणली. कागद वर गेला होता. तुमची कुटुंबं दोन-दोन, तीन-तीन माणसांची; लोकांचं म्हणणं, सरकार करील तसं. तर मग प्रत्येक घरात मधोमध कूड घालायचा आणि दोन बिऱ्हाडं बसवायची. म्हणजे दहा घरांत तुम्ही सगळे मावता, उरलेली सहा दुसऱ्या वस्तीला देता येतील.

तुला कळतंय का काय झालं ते? धोंडिबाचं आठ माणसांचं बिऱ्हाड अर्ध्या खोलीत. आम्ही सहा जण अर्ध्या खोलीत. त्यापेक्षा झोपडी मोठी होती. सगळी वस्ती आक्काच्या दारात जमली. धोंडिबाच्या जिभेला हाडच नव्हतं. म्हणाला, "आक्का, तुजं काय जातंय, तू एक मुंडी. अर्ध्यात अंग टाकशील. आमी काय उभ्यानं झोपावं?"

आक्का खडी फोडत राहिली. सकाळी मला म्हणाली, चल, तुला अक्षरं लागतात, पाट्या वाच. मला वाण्याच्या पुडीवरची अक्षरं जुळवता यायची, एवढंच. आम्ही दोघी एसटीनं तुळजापूरला गेलो.

कचेरीत वैद्य साहेब टेबलापाशी होते. आक्कानं नमस्कार केला नाही, सरळ म्हणाली, "साहेब, तुमी माणसं विचारली, आमी माणसं सांगितली. आता पोरं विचारा."

साहेब म्हणाले, "पोरं माणसांत येत नाहीत का बाई?"

"ते तुमी कुठं सांगितलंत?"

साहेब चिडले. लोकांना विचारा म्हणून मी वरच्यांशी भांडलो, आणि तुम्ही मला तोंडावर पाडलंत, असं बरंच बोलले. आक्कानं ते सगळं ऐकून घेतलं, एक डोळा बारीक करून. मग तिनं विचारलं, तुमचं घर कुणाचं? ते म्हणाले, सरकारी. तुमाला इचारून दिलं? नाही म्हणाले. "मग तुमाला न्हाय इचारलं, आन आमाला का इचारताय? ते आधी सांगा."

साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, घर मिळालं ते पावसाळ्यात गळतं. मोरीकडं उतार नाही, पाणी उलटं स्वयंपाकघरात येतं. आई पडून हात मोडून बसली. मला कुणी आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. म्हणून विचारतो.

दुसरं कुणी असतं तर तिथं विरघळलं असतं. आक्का म्हणाली, दाखवा.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण साहेब उठले. पुढं ते, मागं आक्का, तिच्या मागं मी. गल्लीतलं ते घर आक्कानं वरपासून खालपर्यंत बघितलं. मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठं जातं ते बघितलं. पाणी खरंच चुलीकडं आलं. साहेबांची आई हात गळ्यात बांधून बसली होती. आक्का तिच्यापुढं बसली आणि कुठं पडलात, कशा पडलात, कोणत्या पायावर जोर होता, असं सगळं विचारून घेतलं. म्हातारी म्हणाली, अहो, डॉक्टरानंसुद्धा इतकं विचारलं नाही. परतताना एसटीत आक्का कितीतरी वेळ बाहेर बघत होती. नळदुर्ग गेल्यावर म्हणाली, "माणूस खरं बोलतोय. आता आपल्याला खरं बोलावं लागंल." लई अवघड काम पुढ्यात आल्यासारखं तिनं ते सांगितलं.

साहेबांनी वर काय सांगितलं, किती बोलणी खाल्ली, ते आम्हाला कळलं नाही. पण ते परत आले. या वेळी आक्कानं पोरं स्वतः रांगेत बसवली. म्हातारी माणसं आणली. माझी नणंद आली, दीर आले. धोंडिबाची सहाही पोरं एका ओळीत बसली, आणि साहेब त्याला म्हणाले, पंधरा दिवसांत बरीच बरकत झाली की. धोंडिबासकट सगळे हसले.

मग लोक बोलायला लागले, आणि एकदा लागले ते थांबेनात. जातीच्या ओळी नकोत असं तरुणांचं म्हणणं, चार म्हाताऱ्यांचं उलटं; शेवटी पाणी एकाच विहिरीचं मिळणार म्हटल्यावर ओळी मिसळूनच ठरल्या. लेकरं आणि म्हातारी माणसं असतील त्यांना आधी, हेही ठरलं. खरी मोजणी झाली तेव्हा सोळा घरांना सोळा बिऱ्हाडं झाली. बाकीची चार राहिली ती पुढची ओळ निघेल तेव्हा. त्या चारांत दोघं एकटे गडी, एक बिनलेकराचं जोडपं, आणि चौथी भागाक्का.

ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. खोट्या मोजणीत तिला अर्धी खोली तरी मिळत होती. खऱ्या मोजणीत काहीच नाही. आणि खरं सांगायचं हे तिनंच घडवून आणलं होतं. मला अजून कळत नाही, तुळजापूरला जातानाच तिनं हा हिशेब घातला होता का. घातला नसेल असं म्हणवत नाही.

साहेब म्हणाले, एकट्या विधवा बाईचा विचार आधी करता येतो. पण मग सोळांतल्या एकाला पुढच्या ओळीसाठी थांबावं लागेल, म्हणून ते तुम्ही म्हणायला हवं. मी विचारतोय.

सासूबाई उठून म्हणाल्या, भागाक्काला द्या, आमच्या घराला लागून द्या. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बोल, काय पाहिजे?" सासूबाईंना तेव्हा मात्र रडू आलं.

आता ती तेवढ्यावर मान हलवील असं आम्हाला वाटलं. पण अजून एक गाठ होती. कोणतं घर कुणाला, हे ठरायचं होतं. सडकेकडची घरं कोरडी, ओढ्याकडची ओलीची. चिठ्ठ्या कुणालाच नको होत्या. चिठ्ठीची घडी ओळखता येते, असं आक्कानंच सगळ्यांना आधी शिकवून ठेवलं होतं. मग एक म्हातारा म्हणाला, मटणाच्या वाट्यासारखं करा. सणाला बोकड कापलं की आम्ही वाटे घालायचो, एक जण वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, हा कुणाचा, आणि दुसरा पाठ करून बसलेला नाव घ्यायचा. पाठ करणाऱ्याला वाटा नसायचा, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घ्यायचं नाही. हे सगळ्यांना पटलं. पण पाठ करायची कुणी? जो तो घर घेणारा. धोंडिबाला वस्तीतल्याच आपल्या मेहुण्याचा संशय, मेहुण्याला मुकादमाचा. दोघं एकटे गडी होते, पण एक धोंडिबाचा भाचा निघाला आणि दुसरा मुकादमाच्या गावचा. बिनलेकराचं जोडपं बायकोच्या माहेरी गेलेलं.

आक्का उठली. म्हणाली, माझं नाव काढा. म्या पाठ करते.

साहेब म्हणाले, बाई, तुमचं घर जाईल. सासूबाई तिचा हात धरून बसल्या. ती त्यांना म्हणाली, "पोरांच्या आधी माजं नाव आलं की उद्या तुमीच म्हणाल, बाईनं तुळजापूरला जाऊन कागद फिरवला." सासूबाई म्हणाल्या, आमी न्हाय म्हणायचो. आक्का म्हणाली, "आज न्हाय म्हणणार."

आणि गंमत बघ, धोंडिबानं तिच्यावरही संशय घेतला. म्हणाला, नुसती पाठ नको, डोळे बांधा, आणि आपल्या डोक्याचा पटका सोडला. वस्ती त्याच्यावर खेकसली. आक्का मात्र खूश झाली, मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. "शाबास," म्हणाली. "बांध. पर आधी पटका झटक, उवा असतील."

मग साहेब एकेका दाराशी उभे राहून ओरडायचे, हे घर कुणाचं? आणि सडकेकडं तोंड करून, डोळ्याला पटका बांधून बसलेली आक्का नाव घ्यायची. धोंडिबाला सडकेकडचं कोरडं घर लागलं. तो मटकन खालीच बसला. आम्हाला ओढ्याकडचं शेवटून दुसरं लागलं. कुणीही कुरकुर केली नाही. सोळावं नाव झालं आणि आक्कानं पटका सोडून, घडी करून धोंडिबाला दिला, आणि खडीच्या ढिगाकडं निघून गेली. तिनं हे मनाच्या मोठेपणानं केलं, का दुसऱ्या कुणावर तिचा भरवसाच बसला नसता म्हणून केलं, हे मी इतकी वर्षं घोळवतेय. मला वाटतं दोन्ही एकच असावं तिच्यात.

आम्ही घरात गेलो, ती झोपडीत राहिली. सासूबाई रोज तिला ओट्यावर निजायला बोलवायच्या. "बघू की," म्हणायची आणि यायची नाही. साहेबांची बदली झाली. जायच्या आधी ते सांगायला आले की पुढच्या ओळीची मंजुरी आली, त्यात पहिलं घर तुमचं. आक्कानं विचारलं, मंजुरी म्हंजी दगड का? साहेब म्हणाले, अजून दगड नाहीत.

वर्षभरानं तुझ्या आजोबांची गँग ढोकीच्या सडकेवर लागली आणि आम्हाला निघावं लागलं. घर सासूबाईंकडं ठेवलं. त्याच आठवड्यात पुढच्या ओळीची आखणी झाली होती. जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं चार चौकोन ओढलेले, बाकी काही नाही. आम्ही एसटीत बसलो, पेटी टपावर चढत होती, आणि मला खिडकीतून दिसलं. पहिल्या चौकोनाच्या आत, बरोबर कोपऱ्यात, भागाक्का तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापत होती. रात्रीही तिथंच निजते म्हणे, कुणी रेघ सरकवू नये म्हणून. वाऱ्यानं फक्की उडाली होती तिथं तिनं राख टाकून रेघ पुरी केली होती.

मी खिडकीतून ओरडले, "आक्का, घर झालं की सांगावा धाडा. म्या बघायला येते."

तिनं एक डोळा बारीक केला. म्हणाली, "घर कुठाय गं? रेघ हाय." आणि भाकरी उलटली. मग एसटी हलली. काय वाटलं कोण जाणे, ती उठली, आणि माझ्याकडं चालत यायला निघाली. पण रेघेवरून पाय टाकला नाही. दार जिथं व्हायचं होतं तिथपर्यंत वळून गेली, आणि तिथून बाहेर आली. तेवढ्यात गाडीनं वळण घेतलं.

ते घर पुढं बांधून झालं आणि ती त्यात बरीच वर्षं राहिली, असं सासूबाई म्हणायच्या. मी ते डोळ्यांनी बघितलं नाही, म्हणून तुला खात्रीनं सांगत नाही.

तर सुनंदा, तू आता ज्या दारात जाशील तिथली बाई कमी माणसं सांगेल. तिला अडाणी म्हणू नकोस. तुझं स्वतःचं घर दाखवायची वेळ आली तर दाखव. आणि ढोकीचंही घर आहे तुला, ते विसरलीस की काय? या शनिवारी कचेरी सुटली की सरळ ये. भाकरी मी गरम टाकीन, तू आल्यावरच.